शुक्लपक्षात जवस, कृष्णपक्षात तीळ

१३ फेब्रुवारी

धाकटे,

एक तक्रार लिहून घे. तक्रारदार तुझा थोरला भाऊ, आरोपी काचेच्या चार बरण्या. या चौघींनी आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरून चहा, साखर, कॉफी आणि माझी बिस्किटं यांना हद्दपार करून तिथे आपलं राज्य स्थापन केलं आहे. पहिलीत जवस, दुसरीत भोपळ्याच्या बिया, तिसरीत तीळ, चौथीत सूर्यफुलाच्या बिया. काल सकाळी भुकेपोटी मी तिसरीत हात घातला आणि मूठभर तीळ तोंडात टाकले. तुझी वहिनी दारातच उभी होती. "अहो, शुक्लपक्ष चालू आहे," ती म्हणाली. घराला आग लागल्याचं लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

तेव्हा मला कळलं की चंद्र वाढत असताना जवस आणि भोपळा, उतरत असताना तीळ आणि सूर्यफूल, असा बायकांसाठीच्या तुझ्या ऑनलाइन वर्गाचा दंडक आहे. वडिलांनी छडी समोर ठेवून मला संस्कृत शिकवलं. त्यात विधिनिषेध पुष्कळ पाठ झाले, पण तीळ खायलाही पक्ष बघावा लागतो हे राहूनच गेलं.

"मी पुरुष माणूस. मला कुठला पक्ष?" मी विचारलं.

"विरोधी," ती म्हणाली.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. झोपायच्या खोलीला असे काळेकुट्ट पडदे लागले आहेत की पलंगाच्या पायाची आणि माझ्या पायाची रोज भेट होते. वासाचा साबण गेला, प्लास्टिकचे डबे गेले. बायकांच्या संप्रेरकांवर या सगळ्याचा परिणाम होतो म्हणे. होत असेल. आमच्या छापखान्यात मी औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली ती चिटोरी तपासतो, जी एकदा उलगडली की पुन्हा कुणाच्या बापालाही घडी घालता येत नाही. ती शेवटपर्यंत वाचणारा जगात बहुधा मी एकटाच. त्यामुळे कशाचा कशावर परिणाम होत नाही, असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आणि खोटं कशाला बोलू? तुझी वहिनी आता झोपते. आठव, दोन वर्षांपूर्वी ती रात्रभर घामाने निथळायची, पंख्याखाली बसून रडायची, आणि सकाळी हॉटेलात कामाला जाऊन चादरी मोजायची. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "वयाचं आहे, होतं असं." तिचं पूर्ण ऐकून घेणारी पहिली बाई तूच. संध्याकाळचं चालणं, उशिराचा चहा बंद, वेळेवर जेवण, वेळेवर अंधार, या सगळ्याने तिला आराम पडला. त्याचं श्रेय तुझं. तुझ्या वर्गात मी संगणकाच्या पडद्यासमोर डोकं घालून "पुरुषांच्या डोक्याचं संतुलन कितव्या धड्यात?" असं विचारलं, तो वात्रटपणा होता. पण त्याबद्दल तू माझा नंबरच बंद करून टाकावास? म्हणून हा कागद. पोस्टमनला तुला बंद करता येणार नाही.

तर मुद्दा एवढाच की माझी बिस्किटं फळीवर परत यावीत. तुझ्या वहिनीच्या तोंडी अजून "वन्सं म्हणाल्या" हेच प्रमाण, त्यामुळे अपील तुझ्याकडेच करावं लागतं.

परवाच्या वर्गात तिच्यासाठी टाळ्या वाजल्या, हे मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. काय पराक्रम केलास विचारलं तर "बायकांचं आहे" म्हणाली आणि दिवसभर गुणगुणत होती. बरं वाटलं.

तुझा
विरोधी पक्ष


२६ फेब्रुवारी

धाकटे,

बिस्किटांचं राहू दे.

न्हाणीघरात कोपऱ्यात एक बादली असते, वर ताट झाकलेलं. मला वाटलं, हाही वर्गातला काही प्रकार असेल. काल ताट बाजूला झालं होतं. आत गार पाण्यात चादर भिजत होती आणि पाणी लाल होतं. रक्ताचा डाग गरम पाण्यात कधी घालायचा नाही, पक्का बसतो, हे तिने हॉटेलातल्या मुलींना इतक्यांदा बजावलं आहे की मलाही पाठ झालं आहे.

मी विचारलं, "नाकातून रक्त येतं का तुला?"

ती हसली. पहिल्या नंबराने पास झालेलं पोर निकाल सांगायला येतं ना, तसा चेहरा. "अहो, परत सुरू झालंय मला."

"काय?"

"काय म्हणजे? तेच."

तीन वर्षांपूर्वी थांबलेलं, ते शरद ऋतूपासून परत सुरू झालं आहे. टाळ्या त्याच्याच होत्या. "आपल्या वहिनींच्या शरीराने घड्याळ मागे फिरवलं," असं तू सगळ्या वर्गासमोर म्हणालीस, असं ती म्हणते. तुझी वाक्यं ती बदलत नाही.

धाकटे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, त्याला आमच्या शास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात. वडील तो शिकवताना हसायचे. इथे हसण्यासारखं काही नाही. मी जी चिटोरी तपासतो, त्यात एक वाक्य नेहमी येतं: रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. ते माझ्या डोळ्यांखालून इतक्यांदा गेलं आहे की त्यातली वेलांटी हलली तरी मला झोपेत कळेल. काल पहिल्यांदा मी त्याचा अर्थ वाचला.

तिला ते वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या त्या चिटोऱ्यावर तोंड कोरडं पडण्यापासून मरणापर्यंत सगळंच असतं. तुम्हीच जेवताना वाचून हसवायचात की."

"हे हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये."

"वन्सं म्हणाल्या, साठलेलं बाहेर पडतंय. पहिल्यांदा जास्तच पडतं."

"आणि कंबर दुखते म्हणालीस ते?"

"तेही बाहेर पडतंय."

यावर कुठला तर्क चालवायचा? रक्त गेलं तरी गुण, राहिलं असतं तरी गुणच. ज्या विद्येत चुकायची सोयच नाही, ती विद्या मला घाबरवते.

मी तुझ्याशी वाद घालायला बसलो नाही. बिया चालू राहू देत, पडदेही राहू देत, रोज पायाचं बोट ठेचायची माझी तयारी आहे. तू फक्त तिला एकदा म्हण, "वहिनी, डॉक्टरांना दाखवून या." मी म्हटलं तर ती माझ्यावर हसते. तू म्हटलंस तर चपला घालायलाही थांबणार नाही.

वाट पाहतो.

दादा


१९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. सुंदर अक्षर, तीन ओळी. "वहिनी आपल्या शरीराचं ऐकायला शिकल्या आहेत. निर्णय त्यांचा आहे. मी कुणालाही डॉक्टरांकडे जाऊ नका असं कधीच म्हटलेलं नाही."

शेवटचं वाक्य मी लगेच ओळखलं. आमच्याकडे ते सगळ्यात बारीक टाइपात, अगदी तळाला छापतात. कंपनीचा वकील ते पाठवतो आणि मी त्यातला पूर्णविराम तपासतो. तुझाही पूर्णविराम जागेवर आहे.

आता इथलं ऐक. गेल्या मंगळवारी तुझी वहिनी कामावर पडली. चादरींच्या खोलीत इस्त्रीच्या गठ्ठ्याला हात घातला आणि तशीच खाली बसली. मुलींनी तिला चादरींच्या ढिगावर आडवं केलं. शुद्धीवर आली तर पहिलं काय म्हणाली? "उठवा मला, धुतलेल्या आहेत त्या." म्हणजे तिथल्या एका मुलीने मला फोनवर हे सांगितलं. उठवल्यावर त्या धुतलेल्या चादरी परत धुवाव्या लागल्या होत्या.

या वेळी मी कुणाचंच ऐकलं नाही. गाडीत घातली आणि नेली. बायकांच्या डॉक्टरीणबाई आहेत, माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. तिकडेही तुझी वहिनी हसतमुखच. काय होतंय विचारलं तर पदक दाखवावं तसं सांगितलं, "मला परत सुरू झालंय. वर्षभर सगळं नैसर्गिक पद्धतीने करतेय मी."

बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. "किती वर्षं बंद होतं?"

"तीन."

"मग ते परत आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पाळी तीन वर्षं बाहेरगावी जाऊन परत येत नसते. हे दुसरं काहीतरी आहे. काय आहे ते बघू या."

तुझी वहिनी माझ्याकडे वळली. त्या वेळचा तिचा चेहरा मला लिहिता येत नाही. भरवर्गात कुणी बक्षीस द्यावं आणि तिथल्या तिथे हातातून काढून घ्यावं, तसं काहीसं म्हणता येईल. पण तेही पूर्ण नाही.

बाई रागीट निघाल्या नाहीत. बियांची चौकशी केली, म्हणाल्या, "खा की, पोटाला बऱ्याच असतात. चालणं तर सोडूच नका. पण त्याने घाम कमी झाला म्हणून त्याच्याकडे रक्ताचाही जाब मागायचा नाही." सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर जाड झालं आहे. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. रक्त इतकं कमी आहे की ती जिना चढून कामावर जात होती याचंच बाईंना आश्चर्य.

घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "वन्संना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

तर मी सांगतो आहे. वाईट वाटून घे, किंवा घेऊ नकोस.

दादा


८ एप्रिल

धाकटे,

तुकड्याचा निकाल आला. कॅन्सर आहे. शब्द लिहून टाकला, कारण या घरात सध्या तो कुणी उच्चारत नाही. आम्ही "ते" म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी "ते" म्हणजे वेगळंच होतं.

बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशय काढायचं, सोबत दोन्ही अंडाशयं. "आहे तिथेच असेल तर काढून मोकळ्या व्हाल. पुष्कळ जणी होतात. थांबलात तर मी शब्द देऊ शकत नाही." गुरुवार, अठरा तारीख दिली.

मला वाटलं, आता वाद संपला. वाद आत्ता सुरू झाला आहे.

"काढायचं म्हणजे?" तुझ्या वहिनीने मला घरी आल्यावर विचारलं. "वर्षभर जे सावरलं, तेच कापून टाकायचं?"

"सावरलेलं नव्हतं ते."

"घाम गेला ना माझा? झोप आली ना?"

"आली."

"मग ते खरं आणि हे खोटं, असं कसं म्हणायचं? वन्संनीच दोन्ही सांगितलं ना मला?"

बघ, वडिलांच्या कुठल्याही शिष्याने इतका नेमका पूर्वपक्ष मांडला नसता. मी म्हटलं, "ज्याने घड्याळ दुरुस्त केलं, त्याच्याकडून दात काढून घेतेस का?" तिला हसू आलं नाही. मलाही.

नंतर भांडी लावता लावता ती पाठमोरीच बोलली. "त्या डॉक्टरांनी वर मान करून बघितलं तरी होतं का मला? वयाचं आहे म्हणाले. मी परत गेलेच नाही कुणाकडे. वन्सं रोज विचारायच्या, वहिनी आज कसं वाटतंय. रोज. तुम्हीसुद्धा नाही विचारलंत रोज." हे तिने भांडायच्या सुरात म्हटलं नाही, म्हणूनच मला तिथे उभं राहवलं नाही.

शेवटी तिने अट घातली. "वन्सं जा म्हणाल्या तर जाते. त्यांनी सांगितलं की मला कळेल."

म्हणजे सगळं तुझ्या जिभेवर आलं. माझ्या नाही, बाईंच्या नाही, आमच्या चिटोऱ्याच्या तर नाहीच नाही.

तुला हे सोपं नाही, हे मला कळतं. पडद्यावर तीस-चाळीस बायका असतात आणि तू त्यांना सांगितलं आहेस की वहिनींचं घड्याळ मागे फिरलं. आता ते कसं फिरवून घ्यायचं? तुझ्या स्वतःच्या त्या वाईट वर्षांत तुलाही डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं, आणि तू एकटीने चाचपडत वाट काढलीस. ती वाट खोटी होती असं मी म्हणत नाही. तुझी वाट तुझ्या दारापर्यंत नीट येते. वहिनीचं दार वेगळं निघालं, एवढंच.

वर्गाला काही सांगू नकोस हवं तर. फक्त वहिनीला फोन कर. "वहिनी, जा" एवढंच. दोन शब्द. कारण सांगू नकोस, माफी मागू नकोस, तुझी चूक झाली असंही म्हणू नकोस. मी तुझ्याकडून कबुली मागत नाही, मी फक्त तिला ऑपरेशनच्या टेबलावर पाठवायची खटपट करतो आहे.

माझा नंबर बंदच राहू दे. तिचा उघडा आहे.

दादा


२७ एप्रिल

धाकटे,

अठरा तारीख गेली.

त्याआधीच्या रविवारी तुझा वर्ग होता. तुझी वहिनी न्हाऊन, केस नीट बांधून पडद्यासमोर बसली. ठेवणीतली साडी नेसली होती. मला म्हणाली, "आज त्या बोलतील." मी पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो. पान उलटलंच नाही. वेळ झाली, वेळ टळली. मग पडद्यावर तुझ्या मदतनीस बाईची ओळ आली: आजचा वर्ग काही कारणाने होणार नाही. ती तशीच बसून राहिली. पडद्यावर दुसऱ्या कुणाचा चेहरा नव्हता, तिचाच होता, छोट्या चौकोनात. पडदा बंद करून म्हणाली, "त्यांची तब्येत बरी नसेल. विचारा हो कुणाला तरी."

मी विचारलं नाही. मला कारण माहीत होतं. माझं पत्र तुला मिळालं होतं.

बुधवारी बॅग भरायला मी कपाट उघडलं. तिने ते बंद केलं. मी पुन्हा उघडलं, तिने पुन्हा बंद केलं. दोन म्हातारी माणसं कपाटाच्या दाराशी झोंबत होती. कुणी पाहिलं असतं तर पोट धरून हसलं असतं. शेवटी ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मला उचलून नेणार आहात का?" नेता आली असती तर नेली असती. गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात फोन करून सांगितलं की आम्ही येत नाही. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "पुढची तारीख देते. त्यापुढची मागू नका."

नऊ मे.

मधल्या दिवसांत काय चाललं आहे ते सांगतो. पक्ष बदलला, म्हणून जवस जाऊन तीळ आले. ती ते बशीत मोजून घेते आणि सावकाश चावते. चेहरा कागदासारखा झाला आहे. कामावरून तिला सुट्टी दिली आहे. हॉटेलातल्या मुली येऊन बसतात. त्यातली एक जण रडायला लागली तर तुझी वहिनी तिलाच म्हणाली, "अगं, साठलेलं निघतंय." मग माझ्याकडे बघून पुन्हा तीळ मोजायला लागली. मला वाटतं, त्या वाक्यावर तिचाही आता विश्वास नाही. पण ते तू दिलेलं आहे. ते टाकलं तर त्याच्यासोबत तुलाही टाकावं लागेल, आणि तेवढं बळ तिच्यात उरलेलं नाही.

मी तिला काल म्हटलं, "तिचा फोन येऊ दे न येऊ दे, तू माझ्यासाठी चल."

ती म्हणाली, "तुमच्यासाठीच थांबलेय. मी त्यांनी न सांगता ऑपरेशनला गेले आणि काही झालं, तर तुम्ही वन्संना कधी सोडणार नाही. त्यांनी पाठवलं आणि काही झालं, तर निदान त्यांनी पाठवलं असं होईल."

हे ऐकलं आणि मग मी हे पत्र लिहायला बसलो. तिला आपल्या शरीरातलं सगळंच कळत नसेल, पण आपण दोघं तिला नीट कळतो. तू पडद्याआड का लपलीस तेही कळतं, आणि मी कसा माणूस आहे तेही. तुला वाचवण्यासाठी ती बसून राहिली आहे, माझ्यापासून.

एवढी पत्रं मी तुला हसत-खेळत लिहिली, टोमणे मारले, न्याय सांगितले. ते माझ्या हाताला सवयीचं आहे. आता ते बाजूला ठेवतो आणि जे आहे ते लिहितो.

मला भीती वाटते. ती जाईल याची, हे तर आहेच; ते लिहायलाही नको. पण ती गेली तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. हे मी धमकावण्यासाठी लिहीत नाही, मी स्वतःला अठ्ठावन्न वर्षं ओळखतो. तू दारात आलीस तरी मी दार उघडणार नाही, आणि दाराच्या आत मी एकटाच असेन. मला या जगात दोनच माणसं आहेत, धाकटे. एकीला नेलं तर दुसरीला मी स्वतःच्या हाताने घालवीन, हे मला आत्ता, इथे बसून स्वच्छ दिसतं आहे, आणि ते थांबवायची ताकद माझ्यात नाही. तुझ्यात आहे.

ती शेजारच्या खोलीत जागी आहे. फोन तिच्या उशाशी आहे.

दादा